रामटेके मास्तरांच्या चार गुंजा

ये सुजाता, माझ्याजवळ बस. फरशीवर नको, गार लागेल, ती गोधडी ओढून घे खाली. समोर असतीस तर असंच म्हटलं असतं. पण तू घुग्घुसला आणि मी इकडे पोंभुर्ण्याच्या पुढे, म्हणून कागदावर म्हणते. दोन दिवाळ्या गेल्या बाई, तुझं तोंड पाहिलं नाही. फोनवर आवाज येतो, पण डोळे पांढरे आहेत की पिवळे ते फोनवर दिसत नाही. पाणी पितेस का विचारलं की "पिते ना आजी" म्हणतेस, आणि मागून तुझी आई सांगते की हापिसात बाटली भरून नेते अन् भरलेलीच परत आणते. ती बाटली काय तिथे फिरायला नेतेस? स्वेटर तर तू घालतच नसशील. तिकडे कोळशाची धूळ, थंडी कुठली, असं म्हणशील. थंडी सगळीकडे असते.

बरं, रागावणं झालं. आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

मागच्या आठवड्यात तू म्हणालीस, "आजी, त्या मास्तरनं आईचं उत्तर बरोबर म्हटलं नसतं तर मी जन्मलीच नसती. ना मी, ना हे दुखणं." मी फोन ठेवून दिला. कानाला ऐकू आलं नसेल असं तुला वाटलं असेल. मला चांगलं ऐकू आलं. तुझं हाड दुखत होतं त्या दिवशी, आवाजावरून कळलं मला, आणि दुखण्यात माणूस कोणालाही बोल लावतं. पण तू रामटेके मास्तरांना शेवटचं पाहिलंस तेव्हा चार वर्षांची होतीस. मी त्यांना अकरा वर्षं पाहिलं, रविवार सोडून रोज. म्हणून म्हटलं, लिहावं. मी काही शिकलेली बाई नाही. शाळेत पाणी भरता भरता जेवढं कानात पडलं आणि फळा पुसता पुसता जेवढं डोळ्यात राहिलं, तेवढीच माझी शाळा. शब्द चुकले तर चुकू दे.

मास्तर अंगानं ठेंगणे, एक खांदा दुसऱ्यापेक्षा वर. गावाच्या त्या टोकाला बुद्धविहार, त्याच्याच शेजारी दोन खोल्यांत राहायचे. सायकलच्या साखळीत पँट अडकू नये म्हणून उजव्या पायाला रबर लावायचे आणि ते काढायचं विसरायचे, तर दिवसभर एक पाय फुगलेला आणि एक सरळ. पोरं त्यांना मागून कोंबडा म्हणत. खुर्चीवर त्यांना बसलेलं मी पाहिलं नाही. खुर्चीवर पिशवी बसायची, त्या पिशवीत काय निघेल याचा नेम नव्हता. पळसाचं फूल, मुंग्यांनी पोखरलेलं लाकूड, सापाची कात, एकदा जिवंत विंचू काचेच्या बाटलीत. वर्गात शिरले की आधी खिडकी उघडायचे, मग पोरांकडे पाहायचे. त्या खिडकीखालीच माझा रांजण होता. मी तिथे पाणी गाळत बसायची, आणि गाळायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ लावायची.

दहावीला ते जीवशास्त्र शिकवायचे. शिकवणं सगळेच शिकवतात. मास्तरांचं खरं काम सुरू व्हायचं संक्रांत झाल्यावर, उजळणीत. दुसऱ्या मास्तरांची उजळणी म्हणजे मागच्या पेपरातले प्रश्न फळ्यावर लिहायचे अन् पोरांनी उतरवून घ्यायचे. रामटेके मास्तर पहिल्या धड्यापासून पुन्हा सुरू करायचे, पेशी म्हणजे काय इथून, जणू कोणाला काही शिकवलंच नाही.

पोरं कुरकुरायची. एक म्हणाला, "सर, हे तर झालं ना जूनमंधी."

"तुया बापानं धानाच्या बांधीत चिखलणी किती वेळा केली रे यंदा?"

"दोनदा सर."

"मंग खाली बस. पहिल्या चिखलणीत नुसतं गवत मरते."

हृदयाचे चार कप्पे शिकवायचे होते, तर बाजारातून बोकडाचं हृदय आणलं पळसाच्या पानात बांधून. वर्गातल्या एकेकाला बोलवून, झडपेतून बोट घाल, म्हणाले. इकडून जाते, तिकडून येत नाही, समजलं? पोरी आधी तोंड फिरवून उभ्या होत्या, मग त्याच रांगेत दोनदा आल्या. घंटा झाली, हृदय पानात झाकून खिडकीत ठेवलं, आणि मास्तर हात धुवायला माझ्याकडे आले तेवढ्यात कुत्र्यानं नेलं. मास्तर पाहत राहिले. "नेलं तर नेलं बाई," म्हणाले, "पोरायच्या बोटात हाये आता."

मी ऐकते हे त्यांना माहीत होतं. एक दिवस वर्गात विचारलं, मोहाचं झाड आपलं अन्न कुठी बनवते. कोणी मुळात म्हणालं, कोणी फुलात. मास्तरांनी खिडकीतून मान बाहेर काढली आणि मला विचारलं, "बाई, तुमी सांगा." मी म्हटलं, "पानात, उन्हावर." ते आत वळून म्हणाले, "यायचं नाव हजेरीत नाई, नाईतर आज सगळ्यायले मागं टाकलं असतं." त्या दिवसापासून मी पदर तोंडाशी धरून ऐकायचं सोडलं, सरळ भिंतीला टेकून ऐकायची.

तुझी आई त्याच वर्गात होती. माझ्या बहिणीची पुष्पा. दोन वेण्या, तेल चोपडलेलं, आणि उत्तर येत असलं की जागेवरच उसळायची. ऐंशी साल उलटलं असेल नसेल. आनुवंशिकतेचा धडा होता. पुस्तकात वाटाण्याचं उदाहरण, उंच वाटाणा अन् बुटका वाटाणा. मास्तर म्हणाले, आपल्याकडे वाटाणा कोणी पाहिला हाये, आपण गुंजा घेऊ. जंगलातून लाल गुंजा आणल्या, पांढऱ्या पण आणल्या, त्या कमी मिळतात. जमिनीवर खडूनं मोठी चौकट काढली, तिची चार घरं. आईजवळ एक लाल एक पांढरी, बापाजवळ एक लाल एक पांढरी. दोघं लेकराला एकेक देतात. मग पहिल्या घरात दोन लाल ठेवल्या, दुसऱ्यात आणि तिसऱ्यात एक लाल एक पांढरी, अन् चौथ्यात दोन्ही पांढऱ्या. म्हणाले, लाल असली की पांढरी दबून राहते, दिसत नाही. दोन्ही पांढऱ्या आल्या तरच दिसते. चारात एक. रक्तातली काही दुखणी अशीच येतात, आईबाप चांगले आणि लेकरू आजारी.

पुष्पानं ती चौकट वहीत काढली, कुंकवाच्या रंगाच्या पेन्सिलीनं गुंजा रंगवल्या. मास्तरांनी खाली लिहिलं, उत्तम. ती वही तिनं लग्नात पेटीत घालून नेली. लग्न माझ्या भावाच्या पोराशी झालं, सुधाकरशी. मामाच्या पोराला भाची देतात आपल्याकडे, घरची पोरगी घरात राहते म्हणून सगळे खूश. सुधाकरही चांगला पोरगा. मी दोन्हीकडची, दोन्ही जेवणावळींत वाढायला मीच.

त्यांचा पहिला मुलगा तुला फोटोतसुद्धा दिसला नसेल, कारण फोटो काढलाच नाही. तीन वर्षांचा होता. सारखं अंग दुखायचं, पोट फुगायचं, डोळे हळदीसारखे. कोणी म्हणालं कावीळ, कोणी म्हणालं बाहेरचं आहे. शेवटी नागपूरला मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथे रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले सिकलसेल, आईत अर्धा, बापात अर्धा, लेकरात पुरा. पुढच्याचं काय, विचारलं तर म्हणाले चारात एक. त्या पावसाळ्यात ताप आला आणि पोरगा गेला.

आता नीट वाच, इथेच सगळं आहे.

पुढच्या उजळणीच्या दिवसांत पुष्पा माहेरी आली होती. शाळेत आली, माझ्या रांजणापाशी उभी राहिली, आणि खिडकीतून म्हणाली, "सर, एक विचारू?"

मास्तरांना तिला पाहून आनंद झाला. "विचार ना बापा."

"ते चार घरायचं. पांढऱ्या-पांढऱ्याचं घर एकच राह्यते ना?"

"एकच."

"बाकी तीन चांगले."

"तीन चांगले. चारात एक." मास्तर वर्गाकडे वळले. "पाहा रे. पोरगी संसारात पडली, शाळा सोडून वर्षं झाली, तरी ध्यानात हाये. अन् तुमाले कालचं आठवत नाई. दहापैकी दहा, पुष्पा."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. पुष्पा हसली. पोरगा गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. रांजणातलं दोन गडवे पाणी प्यायली आणि हळूच म्हणाली, "मावशी, आमचं ते घर भरून गेलं. आता तीन चांगले राह्यले."

मास्तरांना माहीत नव्हतं की तिचं लेकरू गेलं आहे. सासर दूरच्या गावी, त्यांना कोण सांगणार. मला माहीत होतं. मी तिथे उभी होते, गडवा माझ्या हातात होता. मला वाटलं, पोरगी हसली आहे, कशाला मागचं काढायचं. आणि खरं सांगू का, मलाही ते पटलं होतं. मीही त्याच खिडकीतून तेच शिकले होते. चार घरं, एक भरलं, तीन राहिले. यात चूक कुठे आहे हे मला दिसलं नाही, तुझ्या आईला दिसलं नाही, आणि मास्तरांना प्रश्नामागचं माहीत नव्हतं. त्यामुळे तुला कोणाला बोल लावायचा असेल तर माझं नाव आधी घे.

मग तू झालीस. गोरी, गुटगुटीत. तुझ्या आईनं दुसऱ्याच महिन्यात सगळ्यांना सांगून टाकलं, ही दुसऱ्या घरातली. नऊ महिन्यांची झालीस आणि तुझे हात फुगले, पायाचे पंजे फुगले, बोटं अशी की मुठीत मावेनात. हात लावला की किंचाळायचीस. नागपूरला नेलं. पुष्पा परत आली ती एसटीतून उतरून घरी गेलीच नाही. सरळ शाळेत.

उजळणी चालू होती. तोच धडा, जमिनीवर तीच चौकट, गुंजा मांडलेल्या. पुष्पा तुला खांद्यावर घेऊन दारात उभी राहिली. 

ती म्हणाली, "सर, माझ्या वहीत चारच घरं होते. एक भरलं होतं. मंग हे लेकरू कोणत्या घरातलं?"

मास्तरांनी तुझ्या हाताकडे पाहिलं. त्यांना लगेच कळलं असावं, हातातला खडू त्यांनी तसाच खिशात टाकला. "एक भरलं होतं म्हणजे?"

"मुलगा होता. तीन वर्षांचा. तो गेल्यावरच तर तुमाले विचाराले आली होती मी. तुमी दहापैकी दहा देल्ले."

मास्तर खाली बसले. त्या चौकटीतच बसले, गुंजा त्यांच्या पँटखाली गेल्या. मुख्याध्यापक दारातून डोकावून गेले. मग तळहातानं त्यांनी एकेक घर पुसलं. "पुष्पा," म्हणाले, "तू बरोबर सांगतलं होतं. मी विचारलंच नाई, काऊन विचारून राह्यली म्हणून."

एवढंच. माफी-बिफी काही मागितली नाही. मला तेव्हा रागही आला होता, शिकलेल्या माणसाला दोन शब्द जड का व्हावेत. पण दुसऱ्या दिवसापासून जे पाहिलं त्यावरून राग ठेवता आला नाही.

दुसऱ्या दिवशी ते भावाच्या गावी आले, सायकलवर, दहा कोस. पिशवीत दोन तुपाचे रिकामे डबे, छोटे, झाकणाचे. प्रत्येक डब्यात दोनच गुंजा, एक लाल, एक पांढरी. एक डबा पुष्पाला दिला, एक सुधाकरला. मी पुष्पासोबत तिकडेच गेले होते, अंगणात तुला मांडीवर घेऊन बसलेली, तू ग्लानीत.

"न पाहता एक काढा दोघंबी."

काढल्या. लाल अन् पांढरी.

"पाहा. आता परत टाका. झाकण लावा, हालवा. काढा."

दोन लाल. परत टाका. पुन्हा दोन लाल. सुधाकरला जरा बरं वाटलं, तो पुढे सरकून बसला. परत टाका. मग दोन पांढऱ्या. परत टाका, म्हणाले. हालवल्या, काढल्या, पुन्हा दोन पांढऱ्या. सुधाकरनं मास्तरांकडे पाहिलं.

"सर, याच्यात काही नेमच नाई म्हणजे."

"नेम हाये. दर खेपेले नवा हाये. मागच्या खेपेले काय निघालं ते या डब्याले आठवत नाई, सुधाकर. मी चार घरं जमिनीवर मांडली, तर तुमाले वाटलं घरं भरत जातात. ते चित्र माझं होतं."

पुष्पानं मुठीतली पांढरी गुंज पाहिली. मग परत टाकली. त्यानंतर त्या दोघांनी तिसरं होऊ दिलं नाही. तुझ्या पाठी कोणी का नाही असं तू लहानपणी विचारायचीस, त्याचं उत्तर त्या डब्यांत आहे.

मास्तर त्यानंतर बदलले, आणि काही बदल असे की लोक हसायचे. कोणीही काही विचारलं की ते आधी विचारायचे, "काऊन विचारून राह्यला?" भाजीवाल्यानं वांगी किती देऊ विचारलं तरी. वर्गातला एक पोरगा बाहेर जायची परवानगी मागायला उठला, "सर, जाऊ का?" मास्तर गंभीरपणे म्हणाले, "काऊन विचारून राह्यला?" पोरगा पाय आवळून उभा, सगळा वर्ग लोटपोट. मास्तरांनाही हसू आलं, पण मग त्यांनी त्याला खरंच विचारलं, पोटात काही दुखते का.

चौकट त्यांनी पुन्हा कधी काढली नाही. उजळणीत डबे फिरायचे. काढ, पाहा, परत टाक, हालव. पत्र्यात दोन गुंजा खुळखुळल्या की मला विहिरीवर कळायचं, आज कोणता धडा. एखादं पोर गुंज परत न टाकता पुढची काढायला जायचं, तर मास्तर त्याचा हात धरायचे. "परत टाक आंधी." इतर वेळी कोणाला हात न लावणारा माणूस, त्या एका गोष्टीला मनगट धरायचा.

पण आधीच्या पोरांचं काय, हे त्यांच्या मनातून जाईना. इतकी वर्षं तीच चौकट शिकवली होती. शाळेतले जुने हजेरीपट काढले, पेटीतली वाळवी झटकून, आणि नावं उतरवून घेतली. मग दर रविवारी सायकल. जिथे पोरगी दिली असेल तिथे, जिथे पोरगा मजुरीला गेला असेल तिथे. जाऊन बसायचे, पाणी प्यायचे, डबे काढायचे.

लोकांना ते आवडलं असेल असं समजू नकोस. एका घरी पोरीचं जमवून राहिले होते, पाहुणे बसलेले, आणि हे डबे घेऊन गेले. बाप म्हणाला, "मास्तर, आमच्या रक्तात खोट हाये असं सांगाले आले का पाहुण्यायसमोर?" मास्तर म्हणाले, "नाई भाऊ, मी फक्त एक धडा चुकीच्या चित्रानं शिकवला होता, तो सुधराले आलो." बापानं डबा उचलून अंगणात फेकला. मास्तर त्या अंगणात गुडघ्यावर बसून गुंजा शोधत होते, पाहुण्यांच्या चपलांमधून. लाल सापडली, पांढरी सापडेना. हे मला त्या घरच्या बाईनं नंतर सांगितलं, आणि सांगताना ती पदरानं तोंड पुसत होती. ते स्थळ मोडलं. मास्तरांमुळे मोडलं की हुंड्यामुळे, देव जाणे, पण नाव मास्तरांचं झालं.

मग त्यांनी ठरवलं, घरोघरी नको, बाजारात बसू. आठवडी बाजारात बुरडांच्या टोपल्या असतात त्या ओळीत पोतं टाकून बसले. काढा, पाहा, परत टाका. गर्दी झाली. दोन पोरं पैज लावू लागली, लाल निघते का पांढरी. तेवढ्यात शिपाई आला, पोलिसाचा.

"काहो मास्तर, शाळेत पगार पुरत नाई का? जुगार मांडला?"

"जुगार नाई जमादार, उजळणी हाये."

"उजळणी," जमादार म्हणाला. "मंग हे दोघं पैसे काऊन काढून राह्यले?"

मास्तरांना चौकीत नेलं. मी टोपली घ्यायला गेले होते, मागोमाग गेले. तिथे बाकड्यावर मास्तर ताठ बसलेले, एका पायाला रबर. जमादारानं पुरावा म्हणून डबे टेबलावर ठेवले होते. मास्तर म्हणाले, जमादार, एकदा तुमीच काढून पाहा. त्यानं काढली, गंमत म्हणून. परत टाका, मास्तर म्हणाले. अर्धा तास मी दारात उभी. शेवटी जमादारानं झाकण लावलं, आणि आवाज खाली आणून तो म्हणाला, "आमच्या भाच्याचं पोट असंच फुगते मास्तर. कुठी दाखवाव लागते?" मास्तरांनी विचारलं नाही, काऊन विचारून राह्यला. तेव्हा विचारायची गरज नव्हती. कागद मागितला आणि दवाखान्याचा पत्ता लिहून दिला.

तुझ्याकडे ते दर शनिवारी यायचे. तू मोठी होत होतीस, म्हणजे आम्ही तुला मोठी करत होतो, एकेक ताप ओलांडून. खालची पापणी बोटानं ओढून डोळा पाहायचे. पोटावर हात ठेवायचे. तुझ्या आईला त्यांनी पेल्याची शिस्त लावली, इतके पेले दिवसाला, दर पेल्याला भिंतीवर कोळशाची एक रेघ. मी इतकी वर्षं पाणी भरलं, पण पाण्याची मोजदाद अशी कोणी केलेली पाहिली नव्हती. तुला त्यांचं नाव येत नव्हतं, डब्बा म्हणायचीस. खुळखुळ ऐकू आली की दाराकडे रांगत जायचीस.

एकदा मी त्यांना विचारलं. तूही म्हणालीस ना फोनवर, तेच. तू अंगणात कोंबडीच्या मागे धावत होतीस, चांगला दिवस होता. मी म्हटलं, "सर, त्या दिवशी तुमी पुष्पाले सांगतलं असतं, की प्रत्येक खेपेले तोच धोका हाये, तर हे पोरगी राह्यली नसती. मंग आता तुमाले काय वाटते, काय व्हाले पाह्यजे होतं?"

मास्तरांनी तुझ्याकडे पाहिलं, मग दुसरीकडे. चेहरा असा झाला की मला विचारल्याचा पस्तावा आला. म्हणाले, "बाई, हे माझ्या उजळणीत येत नाई." आणि पाणी मागितलं.

लग्नं मोडतात अशी तक्रार वर गेली. अर्ज कोणी केला ते कधी कळलं नाही. मास्तरांची बदली झाली, पार सिरोंच्याकडे, जिथे पोरं घरी तेलुगू बोलतात. जायच्या दिवशी आम्ही सगळे स्टँडवर. पुष्पानं भाकरी बांधून दिलेली, सुधाकरनं सायकल टपावर चढवली. मास्तर बाकड्यावर बसले होते, पिशवी शेजारी, आणि तू त्यांच्या गुडघ्याशी. चार वर्षांची, मोठ्या माणसाचा स्वेटर बाह्या दुमडून घातलेला.

"डब्बा," तू म्हणालीस.

त्यांनी एक डबा काढला, झाकण उघडून तुझ्यापुढे धरला. तू न पाहता हात घातलास. लाल निघाली. तू ती वर धरून पाहिलीस आणि मूठ मिटलीस.

"परत टाक आंधी," मास्तर म्हणाले, सवयीनं.

तू मान हलवलीस. मूठ छातीशी धरली.

मास्तरांनी हात पुढे केला, मनगट धरायला करायचे तसाच. तुझ्या मनगटापर्यंत आला तो हात. मी पाहत होते, तुझी आई पाहत होती. मग त्यांनी तो हात मागे घेतला, तुझ्या डोक्यावरची टोपी कानावर ओढली, आणि डब्याचं झाकण लावलं. एकच गुंज राहिली होती आत, पांढरी. डबा हलवला तर टिकटिक असा वेगळाच आवाज आला, मास्तर जरा दचकले त्या आवाजाला. मग पिशवीत टाकला आणि गाडीत चढले. खिडकीत बसले, पण बाहेर पाहिलं नाही. रबर पायाला तसंच होतं. गाडी वळेपर्यंत मला त्यांचा वर असलेला एक खांदा दिसत होता. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

गाडी गेल्यावर मी तुझी मूठ उघडली. गुंज विषारी असते बाई, चावली तर, आणि तू सगळं तोंडात घालायचीस. तू मला बोचकारलंस, घरापर्यंत रडत आलीस. मी ती पदराच्या गाठीत बांधली आणि घरी येऊन सुपारीच्या डबीत टाकली. अजून तिथेच आहे. सुपारी सोडली मी, दात कुठे आहेत, पण डबी आहे. गुंजेचा रंग काही गेला नाही.

पोस्टानं पाठव म्हणशील. नाही पाठवणार. तुझ्याकडून घेतली होती, तुझ्या हातातच देईन. सकाळच्या गाडीनं ये, म्हणजे ऊन असेतो पोहोचशील, आणि शाल आण सोबत. रांजण मी अजून स्वतःच भरते. लवकर ये.